एका हाताची करवत

मी मुळातच दचकणारा माणूस. भोरला माझं वर्कशॉप होतं तेव्हा शेजारचा चहावाला मुद्दाम पाठीमागून यायचा, पत्र्यावर किटली आपटायचा आणि मी हातातली हातोडी टाकून "अगं आई गं!" करत उभा राहायचो. दिवसभर लोखंड बडवणारा माणूस किटलीच्या आवाजाला घाबरतो, याची बाजारपेठेत फार मजा वाटायची लोकांना. वाटू दे बापडी. धंद्यात मला जे धक्के बसले त्यातला एकही आवाजाचा नव्हता.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. गमती आहेत, आधी त्या देतो, म्हणजे त्यांची तक्रार नको.

माझं काम दारं-खिडक्यांचे गज, पंपाची दुरुस्ती, नांगराचे फाळ असलं. पण साठ सालानंतर गावोगाव वीज यायला लागली, तसं आणखी एक काम आपोआप गळ्यात पडलं. ज्याला त्याला घरच्या पडवीत छोटं वर्कशॉप टाकायची हौस. मग भोरला यायचं आणि म्हणायचं, "मिस्तरी, येखादं मशीन बगून द्या की." सगळ्यात जास्त मागणी करवतीची, कारण लोखंडाच्या कामात निम्मा जीव कापण्यातच जातो. हातकरवतीनं अँगल कापून बघा एकदा. खांदा भरून येतो आणि अँगल जिथल्या तिथं हसत असतो.

एकानं सुताराच्या मशीनवर लोखंडी पट्टी घातली. लाकडाची करवत फार वेगानं पळते, लोखंडाला ती चालत नाही, दात जळून जातात. ह्यानं घातली आणि ठिणग्या उडून शेजारची कडब्याची गंजी पेटायची राहिली. वर मलाच विचारतो, "करवत म्हंजी करवत, त्यात जातपात कशाला?" दुसरा वेल्ह्याकडचा. करवतीत नवं पातं त्यानं उलटं घातलं, दात मागच्या बाजूला. पंधरवडाभर लोखंड नुसतं घासत बसला आणि मग मशीन माझ्या दारात आणून आपटलं, की तुमी भोंगळ माल दिला. मी पातं काढून फिरवून बसवलं. अँगल कापला गेल्यावर साहेब म्हणतात, "आधीच का न्हाई असं बसवून दिलं?" आता ह्याला काय म्हणायचं!

तर गमती झाल्या. आता हणमंतरावांचं सांगतो.

कामथडीचे हणमंतराव. पुण्यात एका कारखान्यात नोकरीला होते एवढंच मला माहीत होतं. एके दिवशी दुकानात आले, खांद्यावर उपरणं, डावा हात उपरण्याखाली. म्हणाले, "मिस्तरी, घरी बसून अँगल, गज कापायचंत. पट्ट्याची करवत आसती म्हनं, उचलून न्यायची. ती बगून द्या."

पट्ट्याची करवत म्हणजे बँडसॉ. पात्याची लांबलचक गोल पट्टी दोन चाकांवरून फिरत राहते आणि एकाच दिशेनं कापत जाते. मोठ्या मशीनला पक्का पाया लागतो, मोटरला जास्तीची वीज लागते. पडवीत शेणानं सारवलेली जमीन आणि दिव्यापुरतं कनेक्शन, तिथं ते जमणार कसं? म्हणून त्यांनी उचलून न्यायची मागितली, ते शहाणपणाचंच होतं. मी खूश होऊन सांगायला लागलो, की तिला दोन मुठी असतात, एक बटणाची, एक पुढची, दोन्ही हातांनी घट्ट धरून...

त्यांनी उपरणं बाजूला केलं. डावा हात मनगटापासून नव्हताच.

मी मुठींचं सोडलं आणि त्यांना बसायला स्टूल दिलं.

हात कसा गेला ते त्यांनीच सांगितलं. पॉवर प्रेसवर गेला. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्यावर ठोका मारून नग काढायचं मशीन. एका हातानं पत्रा सरकवायचा, पायानं पायडल दाबायचं, वरून ठोका बसला की दुसऱ्या हातानं नग काढून घ्यायचा. दिवसभर तेच. हाताला आणि पायाला एकमेकांची सवय लागते. आणि एखाद्या दिवशी पाय जरा आधी पडतो.

"मोठं वाईट झालं," मी म्हणालो. "भरपाई काही दिली का?"

"दिली की. घरातल्या येकाला नोकरी दिली."

"चला, तेवढं तरी बरं केलं."

"धाकट्या भावाला घेतलं, बबनला. त्याच प्रेसवर बसवलाय."

मी हातातला पाना खाली ठेवला. खरं सांगतो, मला आधी वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "त्याच?" मी विचारलं.

"त्याच. जागा माझी व्हती न्हवं, ती रिकामी झाली. त्यांच्या हिशोबानं बराबर हाय."

घरातल्या सगळ्यांना ते बरोबर वाटलं होतं. म्हाताऱ्या आईनं पेढे वाटले होते म्हणे. बबन लग्नाचा झालेला, त्याला पुण्याची नोकरी म्हणजे सोनंच. एकट्या हणमंतरावांना झोप नव्हती. त्यांना प्रेसच्या तोंडाला जाळी करायची होती. पत्रा आत जाईल, नग बाहेर पडेल आणि हात मात्र आत जाणार नाही, अशी गजांची जाळी. कारखान्यानं बसवली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती.

मी म्हणालो, "माप सांगा, मी इथं करून देतो. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"माप कागदावर न्हाई घावत, मिस्तरी. करून बगायची, मोडायची, पुन्ना करायची. कितींदा तुमच्या दारात येऊ? आन जाळी झाल्याव मला बी काय काम पायजे का नगं? का जलमभर कुनाच्या गेटाव वाचमन म्हनून बसू?"

बोलण्यात कुठं रड नव्हती. मलाच मेलं कसंतरी होत होतं.

त्या सुमारास वेल्ह्याच्या बाजूला धरणाचं काम संपत आलं होतं आणि तिथल्या कॅम्पवरची हत्यारं लिलावात निघाली होती. आम्ही दोघं एसटीनं गेलो. मार्गासनीपर्यंत बसायला जागाच नव्हती, हणमंतराव एका हातानं वरचा दांडा धरून उभे, आणि गाडी वळली की कंडक्टर त्यांनाच ओरडायचा, "दोन्ही हातांनी धरा की राव!" ते निवांत म्हणायचे, "धरतो."

लिलावाच्या ढिगात ती करवत मिळाली. परदेशी होती, निळा रंग उडालेला, तान्ह्या वासरासारखी दोन्ही हातांवर घेऊन उचलावी लागणारी. आता निवडायचं काय असतं ते ऐका, कुणाला उपयोगी पडलं तर पडलं. रंग बघायचा नाही. चाकांवरचं रबर बघायचं, ते फाटलं असेल तर पट्टी घसरते. पट्टीला धरून ठेवणारे छोटे रूळ असतात, ते हातानं फिरवून बघायचे, ते डगमगले की कट तिरका जातो. पात्याचे दात बघायचे. पातळ पाइप कापायचा तर दात बारीक हवेत, जाडीत निदान तीन दात एका वेळी लागले पाहिजेत, नाहीतर दात पाइपाला अडकून मोडतात. आणि सगळ्यात आधी वाचायची ती पितळी पट्टी, तिच्यावर विजेचं माप असतं. ती मी वाचली आणि पुन्हा दचकलो. आपल्या घरातल्या निम्म्या विजेवर चालणारी करवत! तशीच लावली असती तर पहिल्या मिनिटात धूर झाला असता. मी त्याच ढिगात उलथापालथ करून तिचा ट्रान्सफॉर्मर शोधून काढला. लिलाववाल्याला तो वजनाचा दगड वाटला होता.

राहिला दोन मुठींचा प्रश्न. तो मी दुकानात सोडवला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. जाड फळीवर करवत बिजागऱ्यांनी बसवली, दाराची असते तशी साधी बिजागरी. मागून अडकवलेली, पुढून मोकळी. गज शिकंज्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडायचा, उजव्या हातानं करवत उचलून गजावर ठेवायची आणि बटण दाबायचं. पुढचं काम तिचं वजनच करतं. धरायला दुसरा हात लागत नाही. हणमंतरावांनी पहिला अँगल कापला, तुकडा खाली पडला, त्यांनी तो उचलून गालाला लावला. "गरम बी झाला न्हाई," म्हणाले.

पण पातं जुनं. आठवड्यात तुटलं, आणि त्या मापाचं दुसरं पुण्यातसुद्धा मिळेना. सुटी पट्टी गुंडाळीवर मिळत होती, ती कापून दोन टोकं जोडायची कशी? आपल्या वेल्डिंगनं जोड ठिसूळ होतो, चालू मशीनवर तुटला तर पट्टी सापासारखी अंगावर येते. आणि हणमंतरावांकडं गमवायला हात शिल्लक होता कुठं? विचार करून डोकं फुटायची वेळ आली. शेवटी पट्टी घेऊन भोरच्या आमच्या सोनाराकडं गेलो.

"अण्णा, हिला चांदीचा डाक द्या."

अण्णांनी चष्मा वर केला. "लोखंडाला? चांदीचा? मिस्तरी, तब्येत बरी आहे ना?"

"देताय का सांगा."

दुकानात बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पण अण्णा कसबी माणूस. मी टोकं तिरकी घासून एकावर एक बसतील अशी करून नेली होती. त्यांनी टाकणखार लावला, चांदीचा कण ठेवला आणि फुंकणीनं इतकी बेतानं ऊब दिली, की चांदी पाण्यासारखी पसरून सांध्यात शिरली. मग पाण्यात न घालता तशीच गार होऊ दिली. तो जोड शेवटपर्यंत सुटला नाही. कामथडीत करवतीला चांदीचा तोडा घातलाय, ही बातमी मात्र गावभर झाली आणि लोक बघायला यायला लागले.

एका सुट्टीच्या दिवशी बबन गावी आला होता, तेव्हा मीही गेलो होतो. पडवीत हणमंतरावांनी फळ्यांचा एक खोटा प्रेस उभा केला होता. तसंच स्टूल, तेवढ्याच उंचीला तोंड, खाली पायडलच्या जागी पाट. बबनला त्यावर बसवलं आणि म्हणाले, "घाल हात. चुकून जातो तसा घाल."

बबन हसला. "चुकून कसा घालू, दादा? मुद्दाम घातला तर त्यो चुकून कसा हुईल?"

"ऊठ मग."

ते स्वतः बसले, डोळे मिटले. उजव्या हातानं नसलेला पत्रा सरकवला, पाय पाटावर पडला, पुन्हा सरकवला, पुन्हा पडला. हळूहळू वेग आला. आणि मी बघितलं, डावा खांदा हलायला लागला. मनगटापासून तुटलेला तो हात आपसूक पुढं जात होता, आत शिरून मागं येत होता, नसलेल्या बोटांनी नसलेला नग उचलत होता. एका वेळेला पाय जरा लवकर पडला. हणमंतरावांनी डोळे उघडले. हात कुठं थांबलाय ते बघितलं आणि हौसाबाईंना म्हणाले, "हितं खडूची खूण कर."

हौसाबाई म्हणजे त्यांची मंडळी. त्यांनी खूण केली, आणि तडक घरात निघून गेल्या. बबनचं हसू गेलं होतं.

ती जाळी त्यांनी किती वेळा केली आणि मोडली देव जाणे. कधी पत्रा अडकायचा, कधी फटीतून बोट जायचं. खंडेनवमीला मात्र ती तयार होती.

खंडेनवमीलाच का, तर कारखान्यात एरवी बाहेरच्या माणसाला कुत्रं विचारत नाही. पण त्या दिवशी मशिनांची पूजा असते, कामगारांच्या घरच्यांना बोलावतात, पेढे वाटतात. आम्ही तिघं जाळी गोणपाटात गुंडाळून गेलो. हणमंतरावांनी फोरमनला दाखवली. फोरमन बरा माणूस होता. जाळी हलवून बघितली, म्हणाला, "बसवा, माझी ना नाही." हणमंतरावांनी एका हातानं बोल्ट पिळले, बबननं पाना धरला, हौसाबाईंनी जाळीला हळद-कुंकू वाहिलं. त्या दिवशी परत येताना हणमंतराव एसटीत घोरत होते. हौसाबाई मला हळूच म्हणाल्या, "लई दिसांनी झोपल्यात."

पुढच्या खंडेनवमीला आम्हाला पुन्हा बोलावणं. हणमंतरावांचा जम बसला होता. सारोळ्यापासून नसरापूरपर्यंतचे लोक गज कापून न्यायला त्यांच्याकडं यायचे, वाचमनचा विषय संपला होता. नवा सदरा घालून आले होते. कारखाना धुऊन पुसून लख्ख, जिकडं तिकडं झेंडू. पूजा झाली की मशीन सुरू करून शकुनाचा एक नग काढायची तिथली रीत, त्यामुळं मोटरी चालू होत्या. बबन आपल्या प्रेसवर बसलेला, कपाळाला गंध.

प्रेसचं तोंड उघडं होतं.

मी इकडं तिकडं बघितलं. जाळी मागं भिंतीला टेकवून ठेवली होती. कुणीतरी ती धुतली होती, कुंकू लावलं होतं, आणि झेंडूचा चांगला घसघशीत हार घातला होता. पूजेत कुठं कमी नव्हती. हार कसा, तर जिवंत माणसाच्या फोटोला घालावा तसा!

"बबन," हणमंतराव म्हणाले, "जाळी का काढली?"

बबन खाली मान घालून म्हणाला, "दादा, जाळीमुळं नग कमी निगत्यात. समद्यांचं माझ्यापरीस जास्ती भरायला लागलं. म्या काय कच्चा हाय का? माझा हात बसलाय आता."

"माझा बी बसला व्हता."

"तसं न्हवं, दादा..."

हणमंतरावांनी वाद घातला नाही. ते प्रेसच्या समोर गेले आणि आपला उजवा हात, तो एकच हात, पार कोपरापर्यंत आत घातला, ठोक्याखाली सपाट ठेवला. वर मोठं चाक घरघरत फिरत होतं. बबनचा पाय पायडलवर होता.

"दाब," ते म्हणाले.

कुणाला काही कळलंच नाही आधी. शेजारच्या प्रेसवरचा कामगार पेढा खात होता, त्याचा हात तोंडाशीच राहिला.

"दादा, काय करताय? काढा, हात काढा!"

"शकुनाचा नग काढायचा न्हवं? दाब की. तुजा पाय बसलाय म्हनतोस. बगू."

बबन पांढराफटक पडला. पाय उचलायचं तरी धाडस होईना त्याला, उचलताना चुकून दाबला गेला तर! त्याची मांडी थडथड उडत होती आणि ते पायडल त्याच्या बोटांखाली हलताना मला दिसत होतं. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. फोरमन धावत गेला आणि त्यानं भिंतीवरचा मोटरचा खटका खाली ओढला. पण मोटर बंद झाली म्हणून चाक लगेच थांबत नाही, ते बराच वेळ आपल्या जोरावर फिरत राहतं आणि तेवढ्यात ठोका बसू शकतो. ते मला माहीत होतं, हणमंतरावांना तर होतंच. हात आतच होता. चाक हळू होत होत अखेर थांबलं.

मग हौसाबाई पुढं झाल्या. हातातलं ताम्हण त्यांनी खाली टाकलं, नवऱ्याचा हात दंडाला धरून बाहेर ओढला आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "ह्यो येकच हाय न्हवं माझ्या घरात!" एवढंच म्हणाल्या आणि तिथंच जमिनीवर बसून मोठ्यानं रडायला लागल्या.

बबन स्टुलावरून उठला. भिंतीपाशी गेला, जाळीचा हार काढून ठेवला, जाळी उचलून आणली आणि बसवायला लागला. बोल्ट त्याच्या हातातून सारखे निसटत होते. फोरमन वाकून उचलून देत होता. हणमंतराव बाजूला उभे राहून बघत होते. सगळे बोल्ट पिळून झाल्यावर त्यांनी एकेक हलवून बघितला आणि म्हणाले, "चला, गाडी चुकंल."

येताना एसटीत हौसाबाई पुढच्या बाकावर जाऊन बसल्या, आमच्याशी बोलेनात. मी हणमंतरावांशेजारी. कात्रजचा घाट चढल्यावर माझ्यानं राहवेना. रागच आला होता मला त्यांचा.

"हणमंतराव, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? पोरगं घाबरलं होतं. पाय थरथरत होता त्याचा. चुकून दाबलं असतं म्हणजे?"

त्यांनी खिडकीतून नजर काढली नाही.

"मंग त्यानं जल्मात पुन्ना जाळी काढली नसती," ते म्हणाले.